गटाराचं खालचं टोक

मुकादम, तुम्ही मला 'सायेब' म्हणायचात आणि मी तुम्हांला नुसतं 'मुकादम'. खरं तर मी तुमच्या निम्म्या वयाचा, नगरपालिकेत सहा-सहा महिन्यांच्या हुकमावर नेमलेला ओव्हरसियर. गावातली गटारं तुम्हांला तळहातासारखी पाठ, आणि मी नुकता डिप्लोमा घेऊन आलेला. उतार कसा धरायचा, दोरी कुठून कुठं ओढायची, हे कॉलेजात शिकलो होतो, पण कळलं ते तुमच्यामागं उन्हात फिरून. परवा पेन्शनचे कागद शोधताना त्या भुयारी गटाराचा नकाशा हाती लागला आणि दिवसभर कशात मन लागेना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की आता लिहून उपयोग काय, असं बायकोही म्हणाली. तरी लिहितो.

दुष्काळाचं साल होतं. बहात्तर संपून त्र्याहत्तर लागलेलं. गटारासाठी सरकारचं अनुदान आलेलं, आणि मार्चअखेरीपर्यंत काम दिसलं नाही तर ते परत जाणार. गावाचं पाणी जिथं सोडायचं ती खालची जमीन एका ऊसवाल्या बागायतदाराची, त्यानं कोर्टातून मनाई आणलेली. तुमची रीत अशी, की गटाराच्या कामाचा नारळ खालच्या टोकालाच फुटायचा, कारण खोदाई तिथूनच वर यायची. त्या सकाळी तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन, तुम्ही राहायचात त्या सफाई कामगारांच्या चाळीपलीकडं उभे आहात. मी धापा टाकत येतो आणि सांगतो, की नगराध्यक्षसाहेब बाजारपेठेत थांबलेत, मंडप तिथं घातलाय, काम वरून सुरू करायचं ठरलंय.

"सायेब, पानी वरून येतं, पन गटार खालून बांधत्यात. आदी त्येला जायाला वाट करा. न्हाईतर त्ये जाईल कुटं?"

"जमिनीचा निकाल लागला की जोडून टाकू."

"आन् न्हाई लागला तर?"

मी घड्याळात बघितलं. तुम्ही नारळ माझ्या हातात ठेवलात. "तुमीच न्या," म्हणालात. सबंध नोकरीत तुम्ही मला वाकडं असं एवढंच बोललात, आणि ते मला फार लागलं. आजही लागतं.

काम झालं. पेठेतून, अध्यक्षांच्या आळीतून, शाळेमागून गटाराचे नळ येत गेले आणि तुमच्या चाळीपुढं येऊन थांबले, कारण पुढं बागायतदाराचा बांध. तिथं आम्ही तात्पुरता म्हणून एक खड्डा काढला. त्या वर्षी नळालाच पाणी नव्हतं, बायका टँकरपुढं हंडे मांडून बसायच्या, तर गटारात कुठून येणार? सगळं कसं झकास दिसत होतं. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या साली मात्र नळ धो धो सुटले आणि सगळ्या गावाचं सांडपाणी, संडासाचंसुद्धा, तुमच्या दारात येऊन उभं राहिलं.

एकदा तुम्ही मला चहाला नेलंत. ती खोली अजून डोळ्यांपुढं आहे. उंबऱ्यावर विटांचे तीन थर रचलेत, चूल उचलून लाकडी पेटीवर मांडलीय, पत्र्याची खिडकी वासामुळं लावून घेतलेली. आत धूर, बाहेर ते पाणी. तुमची बायको कप पुढं करत म्हणाली, "पाय वर घ्या सायेब, कवा कवा आत येतं." मी बाजेवर पाय दुमडून बसलो. मला गुदमरत होतं आणि उठताही येईना. तुम्हांला तरी कुठं उठता येत होतं? खोली पालिकेची, रिटायर व्हायला दोन वर्षं, तोंड उघडलं तर दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर. तुम्ही तक्रारीचा शब्द काढला नाहीत. उलट विचारलंत, "तुमची ऑर्डर कायम झाली का?"

झाली होती.

पुढं कोर्टाचा निकाल लागला. बागायतदार हरला, जमीन मोकळी झाली. राहिलं होतं दीडेकशे हात गटार, बस्स. मी नगरच्या ऑफिसात बदलून गेलो होतो, तरी तुमच्यासाठी फाइल मीच हलवली. उत्तर आलं, की दप्तरी योजना पूर्ण झाल्याची नोंद आहे, सबब वाढीव निधीचा प्रश्न उद्भवत नाही. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच उत्तर. पूर्ण झालेल्या गटाराला कोण कशाला पैसे देईल? तुम्ही रिटायर झाल्यावर मुलाला तुमच्या जागी घेतलं म्हणून ती खोली राहिली, आणि त्या खोलीतच, त्या पाण्याकाठी, तुम्ही गेलात.

सगळ्यांना वाटत आलं, की योजना पूर्ण झाल्याचा तो दाखला अध्यक्षांनी माझ्याकडून दामटून लिहून घेतला. मीही तसंच सांगत आलो, बायकोलासुद्धा. मुकादम, तसं नाही. अध्यक्ष म्हणाले होते, "जेवढं झालंय तेवढं लिवा, बाकीचं बघू." कारकुनानं टाइप करून आणलेल्या कागदावर 'काम अपूर्ण, खालचे टोक शिल्लक' असंच होतं. ती ओळ मी माझ्या पेनानं खोडली आणि वर 'पूर्ण' लिहिलं. अपूर्ण कामावरच्या ओव्हरसियरला कायम करत नाहीत, बदलीही देत नाहीत. मला त्या गावातून, त्या वासातून सुटायचं होतं. सुटलो.

तुम्ही हयात असताना हे लिहिलं नाही, कारण तुम्हांला वाचता येत नव्हतं, अशी मी माझी समजूत घालत आलो. येऊन सांगता आलं असतं. नगरहून एसटीला दीड तास लागायचा.