खोलगट बाग

बेलें, २ फेब्रुवारी १९९८

चि. ओस्मार यास ज्युरेमाताईचे अ. उ. आ.

तुझी बाग मजेत आहे. गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणून त्यात लव्हाळे लावलेस, तेव्हा सगळे तुला हसले. पण भरतीच्या वेळी नदी कालव्याचं पाणी घेत नाही, तेवढा वेळ पाऊस तुझ्या खड्ड्यात थांबतो. यंदा आईचा उंबरठा कोरडा आहे. पालिकेचा माणूस येऊन गेला. यंदा घरात पाणी शिरलं, तर आपल्या घरांची रांग पाडून सगळ्यांना गावाबाहेरच्या इमारतींत हलवणार म्हणाला. आईने त्याला आसाईच्या फळांचा रस पाजला आणि मी इथून आडवीच निघेन म्हणून सांगितलं.

रविवारी सगळी गल्ली कामाला जुंपून ती तुझ्या बागेचं काहीतरी करणार आहे. मला थांगपत्ता लागू देत नाही. प्रकृतीला जप, आणि आमची आठवण पत्रातून दिसू दे.

तुझी ताई

साओ पाउलो, ७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईसाहेबांनी मनावर घेतलं म्हणजे बागेचं काही खरं नाही! हवी ती फुलं लाव म्हणावं, फक्त तळ खोल राहू दे. बागेची सगळी मदार त्या खोलीवर आहे. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

ओस्मार

बेलें, ९ मार्च

चि. ओस्मार यास अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा रविवार होऊन गेला होता. आपल्याकडे जमीन खचली की रसाच्या दुकानांतून आसाईच्या बिया आणून भर घालतात. आपलं घरच त्या भरावावर उभं आहे. बागेत पाणी साचलेलं पाहून पोराची बाग बुडतेय म्हणून आई हळहळत होती. मी इस्पितळात कामावर असताना तिने हातगाड्या भरभरून बिया आणवल्या, सगळ्यांना तळलेला मासा खाऊ घातला आणि खड्डा रस्त्याच्या बरोबरीला आणला. वर जास्वंद लावली. तुला दाखवायची तिला केवढी हौस होती. मग मी तुझं पत्र तिला दाखवलंच नाही.

काल मोठी भरती आणि पाऊस एकदमच आले. पाणी खाटेपर्यंत चढलं. आज पालिकेने घर पाडायचं म्हणून दारावर लाल खूण केली. एवढी भर घालूनही पाणी कसं आलं, असं आई सारखी विचारते. मला खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगवत नाही. तूच लिही. आमच्यावर लोभ आहेच. तिच्यावर जरा जास्त असू दे.

ताई

साओ पाउलो, १५ मार्च

ती. आईस ओस्मारचा सा. न. वि. वि.

ताईकडून सगळं कळलं. तू घातलेली भर चांगलीच होती. बाग मीच मुळात लहान आखली, माझं गणित चुकलं. शेजाऱ्यांनाही हेच सांग, म्हणजे तुला कोणी बोल लावणार नाही.

सामान बांधायला मी येतोय. नवी जागा तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथे पाणी चढत नाही. पुढची बाग तुला विचारून आखीन. लोभ होता तेवढाच ठेव.

तुझा ओस्मार