प्रेमिलाच्या नावाआधी

इंदोरा, नागपूर
१८ ऑगस्ट १९६८

प्रिय मधुसूदन गुरुजी,

'प्रिय' लिहिलं खरं, पण तुम्हाला मी कधी पाहिलेलं नाही. माझी प्रेमिला तुमच्या कोयनेच्या शाळेत शिकवत होती तेव्हा तिच्या पत्रांत सगळे यायचे. मुख्याध्यापक, पाणी भरणारी बाई, अगदी शाळेतली मांजरसुद्धा. तुमचं नाव मात्र एकदाही आलं नाही. चार मास्तरांच्या शाळेत एकाचंच नाव कधी येऊ नये, हे मला आता खटकून राहिलं आहे. स्पष्ट बोलते, राग मानू नका. स्वभावच माझा संशयी. बाजारात वांगं घेतलं तरी मी देठ उचलून पाहते.

पहिला संशय मी घेतला तो गोपाळरावांचा. ते इथल्या शाळेचे मुख्याध्यापक, प्रेमिला लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकली. डिसेंबरच्या भूकंपात ती गेली, आणि काही दिवसांनी ते घरी येऊन म्हणाले, तिच्या आठवणीत शाळेत वाचनकोपरा करतो. तिकडची पडलेली शाळा उभी होईस्तोवर तिथली काही मुलं एक सत्र इथे शिकायला आणतो. दिवाळीच्या सुट्टीत आपली मुलं तिकडे जातील आणि तोवर उभ्या झालेल्या पत्र्याच्या शाळेत असाच कोपरा मांडून देतील. मला वाटलं, पेपरात फोटो यायची हौस दिसते. जिवंतपणी आमच्या वस्तीतल्या पोरीला कोणी कोपरा दिला नव्हता, मेल्यावर बरा सुचला. पण कोपरा चांगला झाला, खोटं काहून बोलू? खिडकीजवळ चटई, खालच्या फळीवर लहानांची पुस्तकं, त्यांच्या हाताला येतील अशी. मी दुपारची जाऊन बसते, पुस्तकांना कव्हरं घालते आणि कोण खरंच वाचतं, कोण नुसती पानं उलटतं, त्यावर नजर ठेवते.

मग तुमच्याकडची मुलं आली, आणि त्यांतली पुष्पलता आमच्या घरी. मी गोपाळरावांना विचारलं, काहून जी, हीच पोरगी आमच्याच घरी काहून? ते म्हणाले, तिकडच्या मधुसूदन गुरुजींचा आग्रह होता, बाईंच्या वर्गातली मुलगी बाईंच्याच घरी ठेवा. घ्या! ज्या माणसाचं मी नावही ऐकलं नव्हतं, तो माझ्या घरात कोण राहील ते ठरवतो. मी पोरीची पेटी उतरवून घेतली, पण मनात म्हटलं, ही काहीतरी निरोप घेऊन आली आहे.

निरोप काही निघाला नाही. पोरगी गुणी. कौलांवरून मांजर धावली तरी दचकून दाराशी जाते, ते पाहून माझा जीव तुटायचा. पण ती बाईंच्या गोष्टी सांगू लागली की माझे कान टवकारायचे. म्हणे बाई गायच्या. माझी प्रेमिला घरात कधी गुणगुणलीसुद्धा नाही. म्हणे बाई मासे छान करायच्या. इथे तर ती माशांच्या वासानेच अंगणात जाऊन बसायची. मला वाटलं, ही मला खूश करायला रचून सांगून राहिली, नाहीतर कोणीतरी पढवून पाठवली आहे. आणि एक दिवस माझ्या गळ्याकडे पाहून सहज म्हणाली, बाईंच्या गळ्यात पण अशीच काळी पोत होती. त्या पदराखाली ठेवायच्या. एकदा वर्गात रडणाऱ्या मुलाला उचलताना बाहेर आली, तर पटकन आत सारली.

माझं डोकंच फिरलं. माझी पोर बिनलग्नाची. पुष्पलताला समोर बसवून म्हटलं, खोटं बोलशील तर उद्याच गाडीत बसवीन. ती रडली, पण शब्द फिरवला नाही. प्रेमिलाच्या वडिलांना, बाबारावांना, मी यातलं काही सांगितलं नाही. तिचं नाव निघालं की ते उठून गिरणीकडे चालू लागतात, पाळी नसली तरी.

मग मी खोदून खोदून विचारायला लागले. बाबाराव तिकडे पोचले तोवर सगळं उरकलं होतं. शाळेच्या लोकांनी केलं, एवढंच त्यांना कळलं. मी पुष्पलताला विचारलं, बाईंना अग्नी कोणी दिला?

"मधुसूदन गुरुजींनी," ती म्हणाली. "मग त्यांनी डोस्कं भादरलं. लई दिस टोपी घालून फिरायचं."

तरी मला वाटलं, त्यांच्या घरचंच कोणी त्या भूकंपात गेलं असेल. तेही विचारलं. नाही म्हणाली, गुरुजींचे आईवडील, भाऊ, सगळे कराडला धडधाकट आहेत. गुरुजी, आम्ही धम्म घेतला तेव्हा या रीती सोडल्या, पण विसरलो नाही. सोबत नोकरी करणाऱ्या बाईसाठी कोणी डोकं भादरत नाही. त्या दिवशी मी त्या पोरीला पोटाशी धरलं, आणि माझा सगळा संशय तुमच्यावर येऊन बसला. लग्न झालं असेल, तर लपवलं कोणी? तिने? बाबाराव नेहमी म्हणायचे, जावई पाहीन तर धम्मातलाच, त्या भीतीने? की तुम्ही, आमच्या जातीची लाज वाटून? कराडच्या तुमच्या घरात तिने कधी पाऊल टाकलं का? तुमच्या आईने तिच्या हातचं पाणी घेतलं का? तुमचा मला फार राग आला. पण इथे न गाणारी माझी पोर तिकडे गात होती, हे आठवलं की तो रागही पुरता टिकत नाही.

आता हे पत्र काहून लिहिलं ते सांगते. कोपऱ्यात लावायला गोपाळराव संगमरवरी पाटी करून घेऊन राहिले आहेत. त्यांनी मजकूर दिला, 'कुमारी प्रेमिला बाबाराव गजभिये स्मृती वाचनकोपरा'. कारागीर छिन्नी लावणार तेवढ्यात मी जाऊन त्याला थांबवलं. बाबाराव विचारतात, काहून थांबवलं वं? मी म्हणते, दगड पसंत नाही. असं किती दिवस म्हणू? दगडावरचं खोडता येत नाही, आणि माझ्या पोरीच्या नावावर मी खोटं कोरू देणार नाही. ती कुमारी होती असं तुमचं म्हणणं असेल, तर कार्डावर तेवढा एक शब्द लिहून टाका, मी पुन्हा विचारणार नाही. तसं नसेल, तर पत्र पाठवू नका. स्वतः या, आणि तिच्या नावाआधी काय कोरायचं अन् नंतर कोणाचं आडनाव लावायचं, ते बाबारावांसमोर उभं राहून सांगा. ते दार लावायला उठतील. दारात मी उभी असेन.

तुमचीच,
प्रेमिलाची आई, यमुना