म्हाताऱ्याची भेट

१ डिसेंबर, सकाळी ९.४०

बाहीनंच पुसला फळा. डस्टर शोधायला वेळ नव्हता. फळ्यावरच्या म्हाताऱ्याच्या दाढीत कुणीतरी चिमणीचं घरटं काढलं होतं. अंड्यांसकट. चार महिने घालवले आहेत मी या म्हाताऱ्यावर. ऑफिसातली चित्रकार मुलगी म्हणाली, सर, दाढी फार रिकामी वाटत होती. तिला सुनावलं. वही उचलून जागेवर गेली. पटलं असावं.

बाही निळी झाली.

आमच्या कंपनीच्या ऑनलाइन खेळात तीन लाख माणसं नांदतात. राक्षस मारतात, मंत्र शिकतात, एकमेकांच्या गायी पळवतात. त्यांचे सण मी ठरवतो. वसंत, सुगी, हिवाळा. गेल्या वर्षीचा हिवाळा फसला तो सर्व्हरमुळे. त्याआधीचा लोकांमुळे.

या महिन्याचा संकल्प: कुणावरही ओरडायचं नाही.

२ डिसेंबर

ओरडलो. पण थोडा.

मॅडमना योजना सांगितली. पंधरा ते एकवीस, सात दिवस. सहा दिवस बर्फ, काळोख, लांडगे. सातव्या सकाळी डोंगरावरचा म्हातारा प्रत्येकाला चांदीची स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, देतो. मॅडम म्हणाल्या, एवढा एक हिवाळा बघू, नाहीतर सण दुसऱ्या कुणाकडे देऊ. म्हणजे योजना आवडली.

सूचनापत्र लिहिलं. माझी पद्धत ठरलेली आहे. एक कल्पना, एक ओळ. जास्त शब्द म्हणजे कमी विचार. शेवटची ओळ: 'दिवस सातवा, सकाळी आठ. प्रत्येक खेळाडूला म्हाताऱ्याची भेट.' सात शब्दांत सगळा हिवाळा. (पुन्हा मोजले. आठ आहेत.)

पत्र मौनीबाबाकडे दिलं. मौनीबाबा म्हणजे आमचा प्रोग्रामर. दिवसभर कानांवर हेडफोन. लिहिलेलं असेल ते तंतोतंत करतो आणि दोन अक्षरांचा निरोप धाडतो: झालं. चित्रकार मुलगी म्हणाली, सर, जरा उलगडून लिहा, तो शब्दाचा माणूस आहे. मी म्हटलं, मीही शब्दाचाच माणूस आहे.

५ डिसेंबर

संताप. खेळातल्या विहिरीवर रोज शे-दोनशे माणसं नुसती उभी असतात. लढत नाहीत, काही विकत नाहीत. उभी. मी सण रचायचे आणि यांनी विहिरीवर उभं राहायचं?

नियम काढला. वीस मिनिटं काही केलं नाही तर खेळाबाहेर. खाली सूचना, शब्द माझे: 'आपण काहीही न केल्यामुळे आपल्याला बाहेर काढण्यात आले आहे.' भारदस्त झाली आहे. चित्रकार मुलगी म्हणाली, सर, मित्रांसोबत गप्प बसले असतील बिचारे. मी म्हटलं, गप्प बसायला घर आहे.

मौनीबाबाचा निरोप: झालं.

७ डिसेंबर

लेकीचा निरोप आला. दोन वर्षांच्या नोकरीसाठी समुद्रापार निघाली आहे. बोटीवर चढायला बंदरापर्यंत आगगाडीनं जाणार. इकडे उतरायला सवड नाही, पण गाडी आपल्या स्टेशनावरून जाते. 'बाबा, एकवीसला सकाळी १०.१०. गाडी वीस मिनिटं थांबते. भेट हवीच. मागच्यासारखं करू नकोस.'

मागच्यासारखं! तिच्या पदवीदानाला मी घड्याळ पाठवलं होतं, ते दोन दिवस उशिरा पोचलं. कुरियरवाल्याची चूक. ती अजून माझ्या नावावर आहे.

ठीक. या वेळी भेट वेळेवर. आणि अशी की डोळे दिपतील.

हिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकवीसला लाल गोल केला आहे. आत लिहिलंय: १०.१०, भेट. सगळ्या घरादाराचा माझ्यावर अविश्वास.

१२ डिसेंबर

चांदीच्या स्लेजची प्रतिकृती करून घेतली. लाकडाची, वर मुलामा. दोन हात लांब. खेळात तीन लाखांना मिळेल ती नुसती दिसायची. खरी एकच, लेकीला. चित्रकार मुलगी म्हणाली, छान झालाय पाळणा.

घरी नेली. दारातून आडवी जाईना, उभी केली. हिनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, भेट. हिनं ती उचलून पाहिली. मग म्हणाली, अहो, तिला दोन बॅगा मिळून तीस किलो न्यायची परवानगी आहे. मी म्हटलं, भेटीचं वजन करत नाहीत. म्हणाली, तेच तर सांगतेय.

काय सांगतेय ते सांगत नाही. तीस वर्षं झाली, सूचनापत्र कसं लिहावं हे हिला कळलेलं नाही.

१५ डिसेंबर

उत्सव सुरू. काळोख फारच उत्तम झाला आहे. इतका की लांडग्यांना माणसं दिसत नाहीत. ते भिंतीला धडका देताहेत.

१६ डिसेंबर

लांडगे दुरुस्त केले. आता त्यांना फक्त माणसंच दिसतात, भिंती दिसत नाहीत. घराघरांतून फिरताहेत. तक्रारी चार हजार. लोकांना हिवाळा झेपत नाही.

१८ डिसेंबर

मॅडमनी बोलावलं. रोजचे खेळाडू निम्मे झाले म्हणाल्या. मी म्हटलं, सातव्या दिवसाची वाट बघा. लोक गेले की परत येतात. मॅडम म्हणाल्या, कोण म्हणतं?

दार लावून बाहेर आलो. रागानं आलो. उत्तर सुचलं नाही म्हणून नव्हे.

२० डिसेंबर

हिनं पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला आहे. बाहीचा डाग गेला. उद्याचं ठरलं: सकाळी आठला ऑफिस. म्हातारा बाहेर पडलेला बघायचा, टाळ्या घ्यायच्या, साडेनऊला निघायचं. स्टेशन चालत पंधरा मिनिटं. ही स्लेज घेऊन परस्पर येईल.

ही म्हणाली, रविवार आहे, एक दिवस नाही गेलात तर म्हातारा मरणार नाही. मी म्हटलं, म्हातारा माझ्या जिवावर आहे. म्हणाली, आणि लेक?

लेक कुणाच्या जिवावर नाही. स्वतःच्या पायांवर उभी आहे. मीच शिकवलं तिला. (सायकल हिनं शिकवली. पण सायकल मी आणली होती.)

संकल्प: साडेनऊ म्हणजे साडेनऊ.

२१ डिसेंबर, सकाळी ८.०५

म्हातारा उतरला. प्रत्येकाच्या समोर एक म्हातारा. तपासणीसाठी चालकाच्या खात्यातही, म्हणजे माझ्यासमोरही एक. सुरेख. आता स्लेज देईल.

८.२०

देत नाही.

८.३५

अजून देत नाही. हात मागे बांधून नुसता उभा आहे. माणूस चालला की शेजारून चालतो. माणूस बसला की बसतो. बोलत नाही. स्लेजा गोदामात जशाच्या तशा.

मौनीबाबाचे हेडफोन ओढून काढले. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला. बारीक आहे. म्हणाला, सर, तुम्हीच लिहिलंय, म्हाताऱ्याची भेट. भेट झाली. मी म्हटलं, गाढवा, भेट म्हणजे देण्याची वस्तू! तो म्हणाला, मग वस्तूचं नाव नको का लिहायला? आमच्याकडे म्हाताऱ्याची भेट म्हणजे म्हातारा भेटतो.

९.१०

कहर. लोकांना आवडलंय. लांडग्यांना कंटाळून गेलेले परतले, अडीच लाख आत आहेत. विहिरीवर जागा नाही. जो तो आपल्या म्हाताऱ्याला घेऊन बसलाय. कुणी म्हाताऱ्यासमोर शेकोटी पेटवलीय. एकानं लिहिलंय, माझे आजोबा असेच यायचे, काही बोलायचे नाहीत, चहा होईपर्यंत बसायचे. त्याखाली सहाशे जणांनी आपापले आजोबा लिहिलेत.

मॅडमचा फोन. सात वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला माणसं कळली, म्हणाल्या. मी सांगितलं, ही चूक आहे. म्हणाल्या, असू द्या. मी म्हटलं, असू कशी द्यायची? म्हणाल्या, घरी जा.

घरी जा! माझी स्लेज गोदामात, आणि माझ्या नावावर एका बहिऱ्याची चूक गाजणार!

९.३०

हिचा फोन. निघालात ना? निघालोच, म्हटलं. पायात बूट आहेत. म्हणजे खोटं नाही.

मौनीबाबाला लेखी हुकूम दिला. या वेळी शंकेला जागा नको. 'सर्व खेळाडूंकडचा म्हातारा काढून टाका. प्रत्येकाला चांदीची स्लेज ही वस्तू द्या.' चित्रकार मुलगी माझ्या आणि त्याच्या टेबलाच्या मधे उभी राहिली. सर, नका ना, म्हणाली. तिला म्हटलं, दाढीत घरटी काढ जा.

९.५२

चाळीस मिनिटं लागतील म्हणतो. त्याच्या मागे उभा आहे. मी गेलो की हा करणार नाही.

१०.०८

गाड्या वेळेवर कधी आल्या आहेत?

१०.१४

हिचा फोन. उचलला नाही. उचलला तर वेळ जाईल.

१०.२२

धावलो तर आठ मिनिटांत पोचतो. ६३ टक्के झालंय.

१०.२७

लेकीचा फोन. बाबा, कुठल्या डब्याजवळ आहेस? मी म्हटलं, आईकडे भेट दिलीय बघ, डोळे दिपतील. ती म्हणाली, बरं. मागे शिट्टी ऐकू आली. गाडी वेळेवर होती.

१०.३१

झालं.

संध्याकाळी ६.००

म्हातारे नाहीसे झाले तेव्हा लोक आधी थांबले. मग शोधत फिरले. डोंगरावर गेले, गुहेत गेले. एक बाई दर मिनिटाला लिहीत होती, माझा आत्ता इथे होता. मग स्लेजा मिळाल्या. उत्सवाचा बर्फ दुपारी वितळला (सूचनापत्रात तसंच आहे), त्यामुळे स्लेज चिखलात चालेना. लोकांनी त्या नदीत टाकल्या. एक लाख दहा हजार. नदी तुंबली, गावात पाणी शिरलं, सर्व्हर बसला. म्हणजे पुन्हा सर्व्हरमुळेच.

मॅडम आल्या. रविवारी, घरच्या कपड्यांत. वसंताचा सण मौनीबाबा आणि चित्रकार मुलगी करतील म्हणाल्या. तुम्ही सुट्टी घ्या. मी विचारलं, सुट्टी म्हणजे किती दिवस? म्हणाल्या, तुम्ही शब्दाचे माणूस आहात ना.

घरी आलो. स्लेज दाराशी उभी. कागदसुद्धा काढलेला नाही. ही म्हणाली, लेकीनं नेली नाही, तीस किलो आधीच भरलेत म्हणाली. म्हटलं, सांगायचं होतंस, मी येत होतो. म्हणाली, सांगितलं. वीस मिनिटं ती डब्याच्या दारात उभी होती, आत बसली नाही. एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती.

कॅलेंडरवर लाल गोल तसाच आहे. १०.१०, भेट. स्वच्छ लिहिलंय. दोनदा वाचलं.

चूक त्या शब्दाची आहे. एका शब्दाला दोन अर्थ ठेवूच नयेत.

२२ डिसेंबर, सकाळी

सामान आणायला ऑफिसात गेलो. कुणी आलेलं नव्हतं. सर्व्हर रात्रीतून पुन्हा उभा राहिला होता, शेवटचं म्हणून खेळात शिरलो. म्हातारा समोर आला. हुकमात मी 'सर्व खेळाडू' लिहिलं होतं. मी खेळाडू नाही, चालक आहे. माझा काढलेला नव्हता.

हात मागे बांधून उभा राहिला. मी कीबोर्डला हात लावला नाही. वीस मिनिटांनी सूचना आली की आपण काहीही न केल्यामुळे आपल्याला बाहेर काढण्यात आले आहे.