विसरायचं सोंग

३ फेब्रुवारी
दाराची किल्ली आजपासून माझ्या कमरेला. लेक म्हणाला, "आई, परीक्षा होईपर्यंत पोरीला बाहेर सोडायचं नाही. त्या टिटवीकडे तर नाहीच."
टिटवी म्हणजे नातीची मैत्रीण. हसली की अख्ख्या गल्लीला कळायचं, म्हणून नाव मीच ठेवलं. हल्ली हसत नाही. आई अंथरुणाला खिळली, पोरीनं कॉलेज सोडलं. आईचं सगळं एकटी करते.
लेक-सून कामावर गेले. मी जेलर, नात कैदी. म्हटलं, "कैद्यानं जेलरचे पाय दाबायचे असतात." दाबले बिचारीनं. मग हळूच — "आजी, तासभर जाऊ?"
पाघळले. उघडलं दार.

९ फेब्रुवारी
लेक दुपारीच घरी! नात तिकडे. तोंडाला आलं ते बोलले — "बीपीची गोळी घेतली का तेच आठवेना रे. औषधाच्या दुकानात विचारायला धाडलं तिला."
मी गोळी गिळली का, ते दुकानदाराला कसं कळणार? पण लेकानं विचारलं नाही. माझ्या गोळ्यांचं पाकीट घेऊन मोजत बसला.

१४ फेब्रुवारी
परत तेच. या खेपेला म्हटलं, चष्मा बागेत विसरले, नात आणायला गेली. चष्मा माझ्या डोक्यावरच होता — त्यानं तर सोंग आणखीच पक्कं झालं. परत आल्यावर हे ऐकून नात मोरीत जाऊन हसली. मी नाटकात गेले असते तर नाव काढलं असतं.

२० फेब्रुवारी
लेकानं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर कोवळा, मिशी आत्ता कुठं फुटलेली. "आजी, आज वार कोणता?"
शुक्रवार. ठाऊक होतं की. पण बरोबर सांगितलं तर गोळी, चष्मा, सगळं उघडं पडणार, नि पोरीचं जाणं बंद. तिकडे टिटवीच्या आईचं काही खरं नाही.
म्हटलं, "बुधवार."
"मुलगा काय करतो तुमचा?"
"विचारून सांगते."
लेक खिडकीबाहेर बघत होता. बाहीनं डोळे टिपत होता. याचा विचार मी केलाच नव्हता.

२१ फेब्रुवारी
डॉक्टरनं विसरायचा आजार ठरवला, लेकानं किल्ली काढून घेतली. बाहेरून कुलूप, आत आम्ही दोघी.

२५ फेब्रुवारी
टिटवीची आई गेली. नात दिवसभर बंद दाराला डोकं टेकून बसली.
बाप आल्यावर त्याच्यापुढे उभी राहिली. "आजीला काही झालेलं नाही. मी टिटवीकडे जायचे. आजी माझ्यासाठी खोटं बोलायची."
मीही म्हटलं, "खरंय रे. शुक्रवार होता त्या दिवशी."
लेकानं तिला जवळ घेतलं. "कळतं मला. आजीला विसर पडतो असं कुणी म्हटलेलं सोसत नाही तुला." मग माझ्याकडे वळून — "हो गं आई, शुक्रवारच होता." लहान पोराची समजूत काढतात ना, तसं.
आता खरं बोलूनही सुटका नाही.

२७ फेब्रुवारी
नात पुस्तक घेऊन बसते. पान काही उलटत नाही.

९ मार्च
माझ्यावर लक्ष ठेवायला बाई मिळाली म्हणे. सुनेनं शोधली. "आजाऱ्याचं करायची सवय आहे तिला, नि गरजही आहे." बघते तर टिटवी! मैत्रीण म्हणून नको होती, कामाला चालली.
नात तिला बिलगायला गेली. तर ही म्हणते, "तू अभ्यास कर." एवढीशी पोर, नि बोलणं पोक्त बाईचं.
माझे केस विंचरताना कानाशी म्हणाली, "आजी, मला सगळं माहितीये. काकांना सांगू का, तुम्ही ठणठणीत आहात म्हणून?"
"नि तुझं काम गं?"
"बघेन दुसरीकडे."

१० मार्च
लेक कामावरून आला. मी हात जोडले, म्हटलं, "आपण कोण?"