अण्णा, तो मैदानात उतरलाच नाही

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसलेय. सकाळी दादाचा अमेरिकेतून फोन आला. तुमच्या दोघांच्या त्या भांडणाचा निकाल लागलाय, आणि तो तुम्हाला माझ्याशिवाय कोण कळवणार?

आठवतंय ना? तो जगप्रसिद्ध परदेशी खेळाडू तिकडच्या क्लबात आला तेव्हा दादा नुसता हरखला होता. "अण्णा, आता बघा, अख्खी अमेरिका फुटबॉल बघणार!" तुम्ही चहाचा घोट घेऊन म्हणालात, "लोक येतील, त्ये खरं हाय. पण एखाद्या दिवशी तो नाय खेळला तर कोण बसंल, त्ये सांग." दादा चिडला. "हे तुमच्या कॉलनीतलं फुटबॉल नाही, अण्णा!" तुम्ही फोन माझ्या हातात दिलात आणि उठून गेलात. त्यानंतर तुमचं दोघांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'थंडी आहे का' यापुढे गेलंच नाही. इतकं कशाला मनाला लावून घ्यायचं हो? पोरगाच होता ना तुमचा!

पण कॉलनीतलं फुटबॉल म्हणजे तुमचा जीव. ओझरच्या कारखान्यात आठवडाभर राबून रविवारी तुम्ही मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायचात. सगळं नाशिक क्रिकेटवेडं, बघायला आम्ही घरचेच. मग केरळातून बदलीवर थॉमसकाका आले. काय खेळायचे! महिन्याभरात कंपाउंडच्या भिंतीवर बसायला जागा उरली नाही, शेंगदाणेवालासुद्धा यायला लागला. चेंडू गोलाच्या वरून गेला की लोक "सिक्सर!" म्हणून ओरडायचे आणि थॉमसकाका डोक्याला हात लावायचे.

तुम्ही मात्र कधी कुणाला हसला नाहीत. मध्यंतरात भिंतीपाशी जाऊन एकेकाला खेळाचे नियम समजावत बसायचात. पुढे थॉमसकाकांची बदली झाली, शेंगदाणेवाला दिसेनासा झाला, भिंत रिकामी झाली. तरी सात-आठ जण दर रविवारी येतच राहिले. ते सगळे तुम्ही समजावलेले होते, हे मला आज कळतंय. तेव्हा तर मला तुमची लाजच वाटायची, अण्णा.

आणि ते ग्लास! इथे गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तुम्ही व्हिडिओ कॉलवर दादाच्या ईशानला ऑफसाइड शिकवत होतात. ओट्यावर चहाचे तीन ग्लास आणि चेंडू म्हणून एक बिस्किट. "ह्यो त्यांचा गोलकीपर, ह्यो त्यांचा शेवटचा गडी, आन् ह्यो आपला. बिस्किट मारायच्या टायमाला आपला गडी त्यांच्या गड्याच्या पुढं दिसला, की वाजली शिट्टी!" मला ऑफिसची घाई. धडा अर्धवट असताना मी ग्लास उचलून धुवायला टाकले. तुम्ही नुसतं बिस्किट खाऊन टाकलंत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तर आता ऐका. दादा ईशानला घेऊन त्या खेळाडूच्या मॅचला गेला. स्टेडियम तुडुंब, आणि तो दुखापतीमुळे मैदानात उतरलाच नाही! मध्यंतरात माणसं उठून निघाली. "सुमे, मला अण्णाच दिसायला लागले," दादा म्हणाला. शेजारच्या खुर्चीतला एक गोरा गृहस्थ, केवळ त्या खेळाडूसाठी आलेला, तोही जॅकेट चढवत होता. जाता जाता त्याने विचारलं, मघाचा गोल का नाही दिला? ईशानने पायरीवर तीन कागदी कप मांडले आणि पॉपकॉर्नचा एक दाणा ठेवला.

तो माणूस परत बसला, अण्णा! शेवटची शिट्टी होईपर्यंत बसला. वर पुढच्या मॅचला तुम्ही कुठे बसणार, असं ईशानला विचारून गेला.

दादा फोनवर रडत होता. "अण्णांचंच खरं होतं गं. मी फार बोललो त्यांना." मी म्हटलं, तुझंही खरंच होतं. तो खेळाडू आला नसता तर हा गृहस्थ त्या खुर्चीपर्यंत पोचला असता का? आणि थॉमसकाका आले नसते तर अण्णांचं ऐकायला भिंतीवर कोण होतं? अण्णा, एवढं तरी तुम्ही आता कबूल करा!

मग ईशान फोनवर आला. हळूच म्हणाला, "आत्या, तू ग्लास नेलेस ना, मग आजोबांनी दुसऱ्या दिवशी परत कॉल केला. नंतर दर रविवारी करायचे. आधी विचारायचे, 'तुझा बाबा कसा हाय?' आणि म्हणायचे, त्याला सांगू नको."

मी दादाला सांगून टाकलं. रागवायचं तर रागवा. तो म्हणाला, "परत सांग."

सुट्टीत दोघं इकडे येतायत. ते तीन ग्लास मी वेगळे काढून ठेवलेत. या वेळी दादाही ओट्यापाशी बसेल, आणि धडा पुरा होईपर्यंत मी एकाही ग्लासाला हात लावणार नाही. शब्द देते, अण्णा.

तुमची,
सुमी