विहीर एक, हात दोघांचे

१२ जानेवारी
संत्र्याला ताण देऊन महिना झाला. पाणी तोडलं की झाडं फुलावर येतात. आज ह्यांनी विहीर मोजली. दोराला दगड बांधून तळाला सोडायचा, ओला झालेला दोर हाताने मोजायचा. सोळा हात. एरवी वीस तरी असतात. पाऊस कमी नव्हता, पण सप्टेंबरात दोन दिवसांत सगळा ओतला आणि नाल्याने पळाला. मुरायला सवड कुठे?

१९ जाने.
अवकाळी पाऊस. ताण मोडला! हे सौंसरहून भिजून आले, आभाळाला शिव्या देत.

२२ जाने.
आज मी मोजली. अठरा हात! गावभर सांगितलं. शेजारच्या मळ्यातल्या, धुऱ्यापलीकडच्या सुमनबाईची बोर आटली, वांगी लावावी की नाही या विचारात होती. म्हटलं, "लाव बिनधास्त. माझ्या विहिरीवरून पायप घे." बोलून मोकळी.

८ फेब्रुवारी
ताण मोडला तरी फूल दणकून आलंय. मळ्यात उभं राहिलं तरी पोट भरतं.
दोर काढला. हे म्हणतात पंधरा हात, मी म्हणते सतरा. एकाच ओल्या दोरावर भांडण! शेवटी कोपराला कोपर लावला. ह्यांचा हात माझ्याहून तीन बोटं लांब. म्हणजे पाणी वाढलंच नव्हतं. तो पाऊस वरच्या मातीतच राहिला. हसून हसून पोट दुखलं. मग सुमनबाई आठवली. तिची रोपं लागून गेली आहेत.

९ फेब्रु.
तिला खरं सांगितलं. ती रोपांकडे वळली. मग, "वैनी, तुमची संतरं वाळतीन ना. उपटू का रोपं?" नको म्हटलं.
घरी हे: "शब्द तू देल्ला, म्या नाही." फार राग आला. ह्यांचा कमी, माझाच जास्त.

१६ एप्रिल
नाल्याकाठच्या चाळीस झाडांची फळं तोडून टाकली, झाडं तरी जगावीत. रडले. बाकीच्यांना ठिबक दिवसाआड, सु.बाईला रोज सकाळी अर्धा तास.

३ मे
सु.बाई रोज घमेलं घेऊन हजर. तिघं मिळून नाल्यात दगडमातीचा बांध घालतोय. "धो-धो आला तं येऊ द्या, वैनी. औंदा त्याले बसवूनच ठेवू." हेही हसले. मग दगड कसे लावायचे ते आम्हा दोघींना शिकवायला लागले.

११ जून
मृग लागून चार दिवस. आभाळ कोरडं. विहिरीत तीन हात पाणी, ह्यांच्या हाताने. संत्री लिंबाएवढी, आता पाणी तुटलं तर गळतील.
जेवताना सु.बाईच्या वांग्यांची भाजी. हे दोनदा मागून घेतात. तेवढ्यात तीच दारात, "वैनी, उद्या विहिरीत पायप सोडू का राहू देऊ?"
मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी ताटातून मानही वर केली नाही.
"तिले सांग, पाच वाजता येजो. ऊन चढलं का अर्धं पाणी उडूनच जाते."