पाणी उतरलेलं पातं

२४ सप्टेंबर, बुधवार

दुकानदाराने चार सुऱ्या काचेवर मांडल्या आणि मी चारही नापास केल्या! एकीच्या मुठीत होकायंत्र आणि काड्या — म्हणजे मूठ आतून पोकळ. एक फटका मारला की पातं एकीकडे, होकायंत्र एकीकडे. दुसरीच्या पाठीला करवतीचे दात. त्यांनी लाकूड कापलं जात नाही, फोटो तेवढा चांगला येतो. दुकानदार वैतागला. "साहेब, लढाईवर जायचंय का?" म्हटलं, भाचीला जंगलात जायचंय.

पाचवी घेतली. काळी, साधी, चार इंची, घडी न होणारी. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं.

अनुष्काचा कॅम्प ऑक्टोबरच्या अकरा-बाराला, जव्हारकडे. दोन दिवस जंगलात, जवळ फक्त सुरी, दोरी आणि बाटली. त्यात निभावली तर मार्चच्या गिर्यारोहणाच्या कोर्सला जागा. पोरगी दोन वर्षं त्याच एका गोष्टीमागे आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

तुळिंजला ताईकडे जाऊन सुरी अनुष्काच्या हातात देऊन बघितली. मूठ तिला जाड होते. पातं धारेपाशीही जाड, लाकडात शिरत नाही. यमुनाताई म्हणाली, "हिला अजून कांदा चिरता येत नाही, हिच्या हातात काय देतोयस?" म्हटलं, काळजी करू नकोस, कारखान्यात नेतो आणि तिच्या हाताची करून आणतो. वीस वर्षं पोलादाचे साचे घासतोय, एक सुरी नाही जमणार?

२९ सप्टेंबर, सोमवार

शिफ्ट सुटल्यावर सातिवलीला कारखान्यातच थांबलो. मूठ घासून बारीक केली, सुरेख झाली. पाठीची कड काटकोनात आणली, म्हणजे चकमकीच्या दांड्यावर घासली की ठिणगी पडेल. मग धारेची बाजू पातळ करायला ग्राइंडरवर धरली. घासायचं, पाण्यात बुडवायचं. घासायचं, बुडवायचं. नवीन पोरांना मीच दटावत असतो — बोटाला चटका बसायच्या आत बुडवा! आज चार जण भोवती उभे राहून वा वा करत होते. मी त्यांना सुऱ्यांवर भाषण देत बसलो आणि बुडवायचं राहिलं.

मुठीलगत दोन बोटं पातं निळं झालं!

निळं झालं म्हणजे पाणी उतरलं. पोलादाचा कडकपणा तेवढ्या भागातून गेला. दिसायला तसंच, पण तिथे धार टिकणार नाही, दुमडेल. सरळ टाकून देऊन दुसरी आणायला हवी होती. पण ते चौघे बघत होते. मी पॉलिश पेपर घेतला आणि निळं घासून काढलं. पाच मिनिटांत चकचकीत. कोणाला काही कळलं नाही.

३० सप्टेंबर

दोनच बोटं तर आहे. बाकी पातं उत्तम.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

बाबांनी ओसरीवर विळे, कोयते, माझी मोजपट्टी आणि मधोमध अनुष्काची सुरी मांडली. पूजेआधी दगडावर तिची धार काढली. गावातले निम्मे विळे बाबांच्या दगडावरून जातात. पंचाहत्तरीतही हात थरथरत नाही. पूजेला आलेल्या अनुष्काला आणि ताईला मी माझी एकेक करामत समजावून सांगत होतो. बाबा मुठीजवळचा भाग बराच वेळ घासत होते. अंगठा फिरवून बघितला.

"कोनी घासली ही?"

"मीच."

"बरी दिसते."

हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग बाबांनी सुरी जमिनीवर ठेवली. धारेची वस्तू आमच्यात हातात देत नाहीत, खाली ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची. अनुष्का उचलण्याआधी माझ्या पाया पडली. तेव्हा सांगता आलं असतं. मी आशीर्वाद देऊन मोकळा झालो.

१२ ऑक्टोबर, रविवार

कॅम्पवरून फोन. अनुष्का खुंटीला खाच पाडत होती. सुरी शिरेना, म्हणून जोर लावला. सटकली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, आतल्या शिरा तुटल्या. वसईत ऑपरेशन झालं. ताई बाकावर बसून होती, माझाच हात घट्ट धरून.

सुरी पिशवीतून परत आली. मुठीलगतची धार दुमडली आहे. नख फिरवलं की लागते. खाच पाडताना सगळा जोर तिथेच येतो, हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं!

१३ ऑक्टोबर

"मामा, मी चुकीची धरली का रे?"

म्हणालो, "होतं असं कधीकधी."

नालायक आहे मी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

भातकापणी तोंडावर आली. लोक विळे घेऊन येतायत आणि बाबा परत पाठवतायत. "नाय रे, माजा हात गेला आता." दगड माडाच्या बुंध्याशी पालथा पडलाय. आज ताईला फोनवर म्हणाले, "धार मी काढली. चूक माजी." मी समोर चहा पीत होतो. एका शब्दाने ते थांबले असते. मी कप संपवला आणि वर आणखी चहा मागितला!

२१ ऑक्टोबर

दिवाळी म्हणायची. बाबा जेवायला बसतात आणि अर्ध्यातून उठतात. अनुष्काच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने दोर धरायचा नाही. दोन्ही बोटं पूर्ण मिटतील का, आत्ताच सांगता येत नाही. मार्चचा कोर्स गेला. तिने बूट परत खोक्यात भरून ठेवले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

तुळिंजला गेलो. पाटावर बसलो. ताई ताट घेऊन आली, निरांजन पेटवलं. तेवढ्यात मी बोललो. ग्राइंडर, निळं पडलेलं पातं, पॉलिश पेपर, सगळं. तयारी करून गेलो होतो तरी वाक्यं धड निघाली नाहीत.

अनुष्काने एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?"

हो म्हणालो. ती आत गेली.

ताईने ताट खाली ठेवलं. "बाबा इतके दिवस माझ्याशी मान खाली घालून बोलतायत, जितू. आणि तू ऐकून घेतोयस?" ओवाळलं नाही. ओवाळावं असं मलाही वाटत नव्हतं. जिना उतरताना मात्र रडू आवरलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी बाबांना सांगितलं. तुमची काहीच चूक नव्हती, धार तुम्ही चांगलीच काढली होती, दगड आत घ्या.

बाबा दगडाला हात न लावता म्हणाले, "पानी गेलंय ते पहिल्यांदा घासलं तेव्हाच कळलं होतं मला. तू एवढ्या हौसेनं दाखवत होतास पोरीला. तुझं तोंड पडेल म्हणून बोललो नाय."

मग उठून वहाणा घातल्या.

"चल तुळिंजला. तू तुझं सांगून आलास. माजं राहिलंय."